दादाच्या शहरातली संध्याकाळ

ज्या वर्षी घड्याळकाकूंच्या लेकीला जुळी मुलं झाली आणि एकाचं रडणं थांबलं की दुसऱ्याचं सुरू, अशी घराची गत झाली, त्याच वर्षी काकूंनी परदेशी जायचं मनावर घेतलं. तेही एकटीनं. लेक एका खांद्यावर एक आणि दुसऱ्या खांद्यावर दुसरं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आई, मला सोबत यायला जमेल असं वाटतं तुला?" काकू म्हणाल्या, "तुला कोण बोलावतंय? तू आधी केस विंचर."

घड्याळकाकू हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून सारी गल्ली त्यांना तसं म्हणे. दुकान नवऱ्यानं काढलेलं. लग्न होऊन आल्यावर काकू पहिल्यांदा नुसता चहा घेऊन दुकानात जात, मग चहा ठेवून तिथंच उभ्या राहत, मग एक दिवस नवऱ्यानं हातात चिमटा दिला. हात हलका निघाला. पुढे मनगटी घड्याळं नवरा बघे आणि भिंतीवरची टोल्याची घड्याळं काकू बघत. नवरा गेल्यावर गल्ल्यावर धाकटा दीर बसू लागला. त्याला घड्याळातलं ओ की ठो कळत नसे, पण गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायची विद्या अवगत होती. काकू त्याला भाऊजी म्हणत आणि तो त्यांना वहिनी.

टोल्याच्या घड्याळाचा एक नियम असतो. त्याचा काटा मागे फिरवायचा नाही. घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलेलं असलं, तरी काटा पुढेच न्यायचा, सबंध तबकडी फिरवून, आणि वाटेत जे जे तास लागतील त्यांचे टोले पुरे होऊ द्यायचे. घाई करून मागे ओढलंत तर आतला हिशेब बिघडतो आणि मग साडेतीनला अकरा टोले पडतात. नवऱ्यानं हा नियम पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. काकूंनी तो इतकी वर्षं पाळला की आता हातच मागे वळत नसे. गल्लीतलं कुणी घड्याळाचा काटा उलटा फिरवताना दिसलं, की त्यांच्या अंगावर काटा येई.

तर झालं असं, की भाच्याचा फोन आला. भाचा म्हणजे काकूंच्या दादाचा मुलगा. दादा ऐन तारुण्यात घर सोडून परदेशी गेला होता. एका मोठ्या शहरात रेल्वेचे डबे जोडायच्या कारखान्यात लागला, तिथंच लग्न केलं, तिथंच बायको गेली आणि तिथंच म्हातारा झाला. अधूनमधून येऊन जाई. पण पाय थकले तसं येणं थांबलं. आता तो त्या शहरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या निवासात एका खोलीत राहत होता. भाचा दुसऱ्या गावी, लांब.

"आत्या," भाचा म्हणाला, "बाबा विसरायला लागलेत. मला परवा पोस्टमन समजले. तुला भेटायचं असेल तर ते ओळखतायत तोवर ये."

काकूंनी फोन ठेवला आणि हातातल्या घड्याळाची स्प्रिंग चुकीच्या जागी बसवली. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. सख्खं असं एकच भावंड. लहानपणी दादा त्यांना ढमी म्हणे, आणि आता जगात त्यांना ढमी म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यानं ओळखलं नाही, तर भेटून न भेटल्यासारखंच.

लगेच तयारी सुरू झाली. तयारी कसली, गोंधळच तो. भाच्याचं घर दादाच्या शहरापासून आगगाडीनं अर्धा दिवस. त्याच्याकडे राहून रोज दादाला भेटणं शक्य नव्हतं. तेव्हा दादाच्या शहरातच एक खोली घ्यायची आणि तिथून जे काय जायचं यायचं ते करायचं, असं ठरलं. हा सल्ला शेजारच्या विमानवाल्यांचा. हे गृहस्थ कचेरीतल्या मंडळींबरोबर एकदा परदेशी जाऊन आले होते. त्याला वीस वर्षं झाली, तरी त्यांचं विमान काही उतरलं नव्हतं.

"एकाच खोलीत तळ ठोकायचा," विमानवाले बोट उगारून म्हणाले. "सकाळी बाहेर पडायचं, संध्याकाळी परत. सामान हलवत बसलात तर मेलात."

"तुम्ही किती दिवस होतात त्या शहरात?" काकूंनी विचारलं.

"दिवस नाही, दुपारभर. पण बसमधून सगळं दिसलं."

भाऊजी गल्ल्यावरून म्हणाले, "वहिनी, यांचं ऐका. यांनी अख्खं शहर काचेतून पाहिलंय, फिशटँकसारखं."

"माशांना हसू नका," विमानवाले म्हणाले, "तेसुद्धा विमानात बसत नाहीत."

मग नकाशा आला. तो तिकीटवाल्यानं दिला. तिकीटवाल्याचं ऑफिस बाजारातल्या दुसऱ्या मजल्यावर होतं. काकूंनी नकाशा कामाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार घड्याळं ठेवली आणि भिंग लावून वाचायला घेतला. रस्ते म्हणजे शेवयांचा गुंता. उत्तर वर असते म्हणावं, तर त्यांच्या दुकानात वर पंखा होता. शेवटी त्यांना एक गोष्ट सापडली. शहराभोवती एक गाडी गोल फिरत होती, आणि तिची स्टेशनं त्या गोलावर तबकडीवरच्या आकड्यांसारखी बसली होती. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मनातल्या मनात वरच्या स्टेशनाला बारा म्हटलं आणि सगळं शहर लावून घेतलं. दादाचं निवास चाराच्या जवळ. तिकीटवाल्यानं बघून ठेवलेली भाड्याची खोली सहाच्या थोडी पुढे.

"म्हणजे मी सहाला बसायचं," त्या तिकीटवाल्याला म्हणाल्या, "आणि सात, आठ, नऊ, असं करत बारा ओलांडून चाराला उतरायचं."

तिकीटवाल्यानं डोकं खाजवलं. "काकू, उलट्या बाजूनं जाणारी गाडीही असते. सहा, पाच, चार. लगेच पोचाल."

"असेल," काकू म्हणाल्या. त्यांना ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते सांगताही आलं नाही.

त्याच ऑफिसात भिंतीवर ओळीनं घड्याळं टांगलेली होती. प्रत्येकाखाली एकेका शहराचं नाव. दुपारचा सुमार होता. दादाच्या शहराखालच्या घड्याळात साडेसात वाजले होते. काकूंनी ते घड्याळ नीट पाहिलं, सेकंदकाटा चालू आहे ना तेही पाहिलं, आपल्या मनगटावर नजर टाकली आणि फरक डोक्यात ठेवून घरी आल्या. विचारायचं काय त्यात? माणसाला विचारलं तर दहा माणसं दहा सांगतात. घड्याळाला विचारलं तर ते एकच सांगतं.

दुकानात एक टोल्याचं घड्याळ कित्येक वर्षं पडून होतं. टाकून गेलेलं गिऱ्हाईक परत आलंच नव्हतं. काकूंनी ते पुसलं, किल्ली दिली, आणि आपल्या टेबलासमोर टांगलं. मग काटा पुढे फिरवायला घेतला. दोन वाजले, तीन वाजले. प्रत्येक तासाला थांबायचं, टोले पुरे होऊ द्यायचे, मग पुढे. चार वाजले तेव्हा काकूंच्या मनात उन्हं उतरली. सहाच्या टोल्यांना दिवेलागण झाली. आठच्या थोडा पुढे काटा थांबला, तेव्हा दादाच्या शहरात रात्रीची जेवणं उरकली होती.

"हे कशाला?" भाऊजींनी विचारलं.

"दादाकडची वेळ. आतापासून सवय केली म्हणजे तिथं गेल्यावर डोकं गरगरणार नाही."

"आपल्यापेक्षा पुढे आहेत म्हणायचे."

"पुढेच असणार," काकू म्हणाल्या. "परदेश आहे तो."

भाऊजींना हे तर्कशास्त्र बिनतोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी ओसरल्यावर काकूंनी समोर पाहिलं. दादाच्या घड्याळात साडेपाच वाजत आले होते. संध्याकाळची निवांत वेळ. त्यांनी दादाच्या खोलीतल्या फोनचा नंबर फिरवला. दुसऱ्याच घंटेला उचलला गेला.

"दादा, मी ढमी."

"ढमे," दादा म्हणाला. आवाज पातळ झाला होता, पण त्याचाच. "तू कुठून बोलतेस?"

"दुकानातून. काय करतोयस? संध्याकाळ झाली ना तुझ्याकडे?"

थोडा वेळ काहीच नाही. मग दादा म्हणाला, "झाली की. कपडे करून बसलोय."

"अंधार पडला?"

"पडलाय. थंडीत लवकर पडतो."

"जेवलास?"

"बोलावतील आता. अजून कुणी हललेलं दिसत नाही. सगळं चिडीचूप आहे. म्हातारी माणसं, ढमे. दिवे लागले की पेंगायला लागतात."

"आणि तू कोण, तरणाबांड?"

दादा हसला. मग त्यानं आपल्या परसातल्या मोडक्या शिडीची गोष्ट काढली, जिच्यावरून काकू लहानपणी पडल्या होत्या. कुठल्या पायरीवरून पडल्या, कुणी उचललं, कोणता गुडघा फुटला, सगळं बयाजवार. काकूंनी फोन ठेवला तो डोळे पुसतच.

"भाचा काहीतरीच सांगतो," त्या भाऊजींना म्हणाल्या. "दादा ठणठणीत आहे. वेळ-काळ, अंधार-उजेड, सगळं बरोबर. माझा डावा गुडघा त्याला आठवतो."

"मग भाच्याला का ओळखलं नाही?"

"भाचा दाढी वाढवून फिरत असेल. आपणही ओळखणार नाही."

तेव्हापासून काकू रोज त्याच वेळी फोन करू लागल्या. रोज दादा कपडे करून बसलेला असे. रोज जेवायला बोलावणं यायचं असे. एकदा मात्र मध्येच कुण्या बाईनं फोन घेतला. तिथली परिचारिका असावी. ती तिच्या भाषेत काहीतरी कडक बोलली आणि फोन ठेवून दिला. काकूंना एक अक्षर कळलं नाही, पण सूर कळला.

"कुठल्याही मुलखात जा," भाऊजी म्हणाले, "जेवणाच्या वेळी फोन करणाऱ्याला शिव्याच मिळतात."

भाच्याचा पुन्हा फोन आला तेव्हा काकूंनीच त्याला सुनावलं. "अरे, तुझा बाप तुझ्यापेक्षा शहाणा आहे. रोज बोलते मी त्याच्याशी."

"कधी बोलतेस?"

"संध्याकाळी. जेवायला बोलावतात त्याच्या आधी."

भाचा म्हणाला, "कमाल आहे. निवासातले लोक सांगतात, संध्याकाळी ते फार घाबरेघुबरे होतात म्हणून. पण तुझ्याशी नीट बोलत असतील तर बरंच आहे, आत्या. तुझा आवाज ओळखीचा."

"तेच म्हणते मी."

झालं. घाईचं कारणच उरलं नाही. लेक म्हणाली, "आई, पोरांना जरा मान धरू दे, मग जा." विमानवाले म्हणाले, "या थंडीत जाऊन बर्फाची बाहुली व्हायचंय का? झाडांना पानं फुटू द्या." काकूंनाही ते बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्यांना जायची धास्तीच होती. एवढा मोठा गाव, भाषा येत नाही, रात्री खोलीत एकटीनं निजायचं. दादा काही कुठं पळून जात नव्हता. त्यांनी तिकीटवाल्याला सांगून जाणं थंडी सरल्यावर ढकललं आणि निवांतपणे नकाशा पाठ करू लागल्या. सात, आठ, नऊ, दहा.

तिकीट हातात आलं ते थंडी अजून भरात असताना. काकूंनी ते टेबलावर ठेवलं, चष्मा लावला, वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. विमान आपल्याकडून सकाळी निघणार होतं, आणि दादाच्या शहरात पोचणार होतं त्याच दिवशी सकाळी. समोरच्या घड्याळाकडे पाहून त्यांनी बोटांवर तास मोजले. इथं सकाळ असते तेव्हा तिथं दुपार सरलेली असते. मग तिथली सकाळ तर विमान निघायच्या आधीच होऊन गेली.

"भाऊजी, हे विमान निघायच्या आत पोचतंय."

भाऊजींनी तिकीट उलटसुलट केलं. "वेगवान असेल."

"वेगवान झालं तरी निघावं तर लागतं ना?"

"तारीख चुकली असेल. दुसऱ्या दिवशीची सकाळ."

"म्हणजे सबंध दिवस-रात्र हवेत? मी नाही बसायची."

विमानवाल्यांना बोलावलं. त्यांनी तिकीट लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, आणि म्हणाले, "आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वेळी विमानं पोचायची तेव्हाच पोचायची."

काकू तिकीट पदराखाली घेऊन तडक बाजारात गेल्या. तिकीटवाला एका जोडप्याला समुद्रकिनाऱ्याची चित्रं दाखवत होता. काकूंनी त्याच्यासमोर तिकीट ठेवलं.

"हे चुकलंय."

त्यानं पाहिलं. "नाही काकू, बरोबर आहे."

"सकाळी निघून सकाळीच कसं पोचेल? ते लोक आपल्यापुढे आहेत."

"पुढे नाही, मागे आहेत."

"मागे म्हणजे?"

तिकीटवाल्यानं त्यांना समजेल असं सांगायचं ठरवलं. त्यानं टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि बोटानं फिरवला. "सूर्य आपल्याकडे आधी उगवतो. आपण उठून कामाला लागतो तेव्हा ते झोपलेले असतात. आपण जेवायला बसतो तेव्हा त्यांची सकाळ होते. म्हणून विमान इतका वेळ उडालं तरी तिथं सकाळच सापडते."

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. दादाच्या शहराखालचं घड्याळ चालू होतं. काटे जिथं असायला हवे तिथंच होते; सकाळचे की संध्याकाळचे, एवढंच तबकडी सांगत नव्हती.

"मी त्याला रोज दुकानातून फोन करते," त्या म्हणाल्या. "अकराच्या सुमाराला."

"मग तिकडं भल्या पहाटे वाजत असेल तो. सगळे साखरझोपेत." तिकीटवाला हसला. "उचलतं का कुणी?"

"उचलतो," काकू म्हणाल्या.

त्या तिथल्या खुर्चीत बसल्या. जोडप्यानं त्यांना पाणी दिलं. तिकीटवाल्याला वाटलं, काकूंना विमानाची भीती वाटते आहे. तो धीर द्यायला लागला, की विमानात जेवण देतात, उशी देतात. काकूंच्या कानात काही शिरत नव्हतं. दादा पहाटे कपडे करून बसत होता. सगळं निवास झोपलेलं, बाहेर काळोख, आणि दादा जेवणाचं बोलावणं येईल म्हणून दाराकडे बघत बसलेला. त्या बाईनं फोन हिसकावून घेतला होता तो काय उगाच?

पण लगेच दुसराच विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. संध्याकाळ झाली ना, असं विचारलं कुणी? त्यांनीच. पहिल्या दिवशी दादा थोडा थांबला होता, मग हो म्हणाला. त्याला ती पहाट आहे हे ठाऊक असेल, आणि धाकट्या बहिणीच्या शब्दाखातर त्यानं तिला संध्याकाळ म्हटलं असेल, आणि मग रोज रोज म्हणता म्हणता त्याचंच डोकं फिरलं असेल, तर? पण तो आधीच कपडे करून बसला होता. मग तो आधीच चुकलेला होता का? की म्हाताऱ्या माणसाला पहाटे जाग येते, म्हणून नुसता उठून बसला होता? काकूंना काही सुधरेना.

घरी येऊन त्यांनी भाच्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. भाच्याला दोनदा सांगावं लागलं. मग तो म्हणाला, "नाही आत्या, तुझ्यामुळं नाही. ते आधीपासूनच पहाटे उठून कपडे करतात. असं मला वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"म्हणजे मला कुणी सांगितलं होतं. कधी सांगितलं ते आता आठवत नाही."

"आधी सांगितलं की नंतर?"

"आत्या, मला खरंच आठवत नाही."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, खुर्ची द्या, मी ते घड्याळ काढून ठेवतो."

"राहू दे. घड्याळ बरोबरच आहे," काकू म्हणाल्या. "मला तिकीट बदलून आणा. पहिलं मिळेल ते."

"आणि थंडी? पोरं? विमानवाले म्हणत होते..."

"विमानवाल्यांना म्हणावं, तुमचं विमान उतरवा आता."

लेकीनं आपला जाड कोट काढून दिला. तो काकूंना घोट्यापर्यंत आला. पोरांना भाऊजींच्या मांडीवर टाकून ती विमानतळावर आली आणि सूचना देत राहिली, त्या काकूंच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर गेल्या. विमानात त्यांनी उशी घेतली आणि जेवण परत केलं.

मोठ्या शहरानं त्यांना चकवायचं तेवढं चकवलं. विमानतळावर भाचा घ्यायला आला होता, म्हणून निभावलं. त्यानं त्यांना खोलीवर सोडलं, घरमालकिणीशी गाठ घालून दिली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं म्हणून तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक कपाट, खिडकीतून समोरच्या भिंतीच्या विटा. जिन्याखाली घरमालकिणीचा फोन. घरमालकीण एकेक किल्ली दाखवून काहीतरी सांगायची आणि काकू मान डोलवायच्या, आणि दोघींनाही ठाऊक होतं की काही पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू एकट्या निघाल्या. स्टेशनात दोन बाजूंना दोन गाड्या लागत होत्या. त्या बराच वेळ मधे उभ्या राहिल्या. मग उलट्या बाजूच्या गाडीत चढल्या आणि दारापाशीच दांडा धरून राहिल्या. दुसऱ्या स्टेशनावर उतरायचं होतं.

निवास स्वच्छ होतं. लांबलचक बोळ, दोन्हीकडे सारखी दारं. परिचारिकेनं एक दार उघडलं. दादा खिडकीजवळ कपडे करून बसला होता. केस नीट विंचरलेले, बुटाच्या नाड्या बांधलेल्या. तो इतका लहान झाला होता, की काकूंना आधी वाटलं खोली चुकली.

"दादा," त्या म्हणाल्या.

त्यानं पाहिलं. अदबीनं मान झुकवली. "या, बसा बाई."

काकू समोर बसल्या. कोट काढायचंही सुचलं नाही. "दादा, मी ढमी. आले मी."

दादानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. पांढरे केस, जाड भिंगं, घोट्यापर्यंतचा कोट. मग तो हसला, परक्या माणसाच्या गमतीला हसावं तसा. "ढमी आमची दुकानात असते. तिचा फोन येतो मला रोज. तुम्ही ओळखता तिला?"

"ओळखते," काकू म्हणाल्या.

"फार बडबडी आहे. येईलच आता फोन. तुम्ही बसा, पण फोन आला की मला बोलू द्या."

काकूंनी शिडीची गोष्ट सांगून पाहिली. दादा लक्ष देऊन ऐकत राहिला आणि म्हणाला, "तुम्हाला बरंच सांगितलंय तिनं." त्यांनी डावा गुडघा दाखवला. परक्या बाईनं गुडघा दाखवला म्हणून दादानं तोंड फिरवलं. त्याची नजर सारखी फोनकडे जात होती. दुपार उलटली तशी ती जास्तच जाऊ लागली. मग तो उठला, फोन उचलून कानाला लावला, ठेवला, पुन्हा उचलला. "आज केला नाही तिनं," तो म्हणाला. "तिला काही झालं तर नाही?" परिचारिका येऊन त्याला धरून बसवू लागली, तर त्यानं तिचा हात झटकला.

काकू उठल्या. जिना, रस्ता, स्टेशन, गाडी, पुन्हा जिना. आल्या तशा गेल्या. घरमालकिणीला हातानं फोनची खूण केली आणि नंबर फिरवला.

पहिल्याच घंटेला उचलला.

"दादा, मी ढमी."

"कुठं होतीस?" दादा ओरडला. मग लगेच आवाज खाली आला. "किती वाट बघायची माणसानं."

"कामात होते. गिऱ्हाइकं फार होती."

"दुकान कसं चाललंय?"

"चाललंय." काकूंनी जिन्याचा कठडा घट्ट धरला. "तुझं काय? एकटाच होतास?"

"छे. एक बाई आली होती. दिवसभर बसून होती."

"कशी आहे?"

"बरी आहे. गरीब वाटली. कोट कुणाचा तरी मागून आणलेला. तुझं सगळं माहीत आहे तिला. तू इतकं कशाला सांगतेस लोकांना?"

"चुकलं माझं. उद्या आली तर बसू देशील तिला?"

दादानं विचार केला. "बसू दे की. पण गुडघे दाखवते, ते नको म्हणावं."

"सांगते तिला," काकू म्हणाल्या.

नंतर परदेशातले त्यांचे सारे दिवस तसेच गेले. शहर पाहिलं ते दोन स्टेशनांमधलं. सकाळी दादाकडे जायचं, बाई म्हणून बसायचं, त्याला सूप भरवायचं, त्याच्या कोटाचं बटण लावायचं, गुडघे झाकून ठेवायचे. उन्हं कलली आणि तो फोनकडे बघायला लागला की निघायचं, आणि जिन्याखालून ढमी म्हणून फोन करायचा. फोनवर तो बाईच्या कागाळ्या सांगे. बटण उलटं लावलं, सूप गार केलं, आज बोललीच नाही. बाईला समोर बसवून तो ढमीच्या गोष्टी सांगे, आणि त्यांतल्या काही काकूंनाही ठाऊक नव्हत्या. घर सोडून निघाला त्या दिवशी ढमी गाडीमागे पळाली होती आणि त्यानं मुद्दाम मागे वळून पाहिलं नव्हतं, वळलो असतो तर उतरलो असतो, असं तो त्या बाईला म्हणाला. फोनवर काकूंनी तो विषय काढला, तर म्हणाला, "कोण पळालं? मला नाही आठवत."

कधी कधी गाडीत बसल्या बसल्या काकूंना कळेनासं होई, की आपण आता त्याच्याकडून परत चाललोय की त्याच्याकडे चाललोय. रविवारी भाचा आला. त्याला हे कसं सांगावं ते त्यांना समजेना. शेवटी त्या म्हणाल्या, "ओळखतो तो मला. पण दोघींना वेगवेगळं."

भाचा म्हणाला, "म्हणजे नक्की ओळखतात की नाही?"

काकूंना खरंच ठरवता येत नव्हतं.

निघायच्या दिवशी त्या दादाला सांगायला गेल्या. बाई म्हणून सांगितलं, की आता मी यायची नाही, गावी चालले. दादानं दोन्ही हात जोडले. म्हणाला, "आलात, बरं वाटलं. तिकडं ढमी भेटली तर म्हणावं, येऊन जा एकदा." काकू म्हणाल्या, "सांगते." मग दारापर्यंत गेल्या आणि उगाचच पुन्हा आत येऊन त्याच्या कोटाचं वरचं बटण नीट लावलं.

परत आल्यावर भाऊजींनी विचारलं, विमानवाल्यांनी विचारलं, लेकीनं विचारलं, कसं आहे शहर म्हणून. काकू प्रत्येकाला म्हणाल्या, मोठं आहे. फोन चालूच राहिला, आता दादाकडच्या खऱ्या संध्याकाळी. दादा उचले, कधी बोले, कधी नुसता श्वास ऐकू येई. ती बाई पुन्हा आली नाही, असं त्यानं बरेच दिवस सांगितलं, आणि पुढे सांगायचं थांबवलं.

दादा त्याच वर्षी, तिथला उन्हाळा लागताना, एका बुधवारी दुपारी झोपेत वारला.